हुकण्याची मुभा

३ मार्च २०२४ च्या रविवारी आयोवात दुपार होती आणि माझ्या घरी मध्यरात्र उलटली होती. कार्व्हर-हॉकाय अरीनात ओहायो स्टेटविरुद्धच्या सामन्याचा पूर्वार्ध संपत आला होता. आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्कला त्या सामन्यात १८ गुण हवे होते. ते झाले की अमेरिकी विद्यापीठीय बास्केटबॉलच्या सर्वोच्च विभागातील, पुरुष आणि स्त्रिया दोघांच्याही नोंदींतील, सर्वाधिक गुण तिच्या नावावर लागणार होते. प्रतिस्पर्धी संघावर टेक्निकल फाउल, म्हणजे गैरवर्तनाचा दंड, दिला गेला, क्लार्क फ्री थ्रोच्या, म्हणजे कुणी न अडवता एकेका गुणासाठी मारायच्या शॉटच्या, रेषेवर एकटी जाऊन उभी राहिली, आणि तिथून मारलेले चेंडू जाळीतून खाली आले तेव्हा चौपन्न वर्षे जागचा न हललेला ३,६६७ हा आकडा मागे पडला. सभागृह उभे राहून टाळ्या वाजवत होते. मलाही आनंद झाला होता, पण माझे मन तो आकडा इतकी वर्षे ज्याचा होता त्या माणसाकडे गेले, आणि ती रात्रभर तिथेच राहिले.

पीट मॅराविच हे नाव मला कॉलेजात असताना कळले. मी तेव्हा गार्ड म्हणून खेळत असे. आमच्या संघाला शिकवणाऱ्या सरांचा एक नियम होता: लागोपाठ दोन शॉट हुकले की खेळाडू बाहेर. सर मनाने वाईट नव्हते; संघ जिंकावा एवढीच त्यांची इच्छा होती, आणि त्या काळी आमच्याकडे बहुतेकांची शिकवण्याची रीत तशीच होती. परंतु त्या नियमाने माझ्या हाताला एक सवय लावली. मोकळी जागा मिळाली तरी मी शॉट मारायचे टाळून पास देऊ लागले, आणि क्वचित मारलाच तर चेंडू रिंगपर्यंत पोहोचण्याआधी माझी नजर बाकाकडे जात असे. चेंडू आत गेला की नाही हे मला सरांच्या चेहऱ्यावरून कळायचे. चार वर्षांत मी किती गुण केले हे मला आठवत नाही, पण बाकाकडे वळणारी ती मान मात्र आजही आठवते.

म्हणून मॅराविचच्या कारकिर्दीतला जो आकडा मला सर्वांत जास्त खिळवून ठेवतो तो ३,६६७ नव्हे. लुइझियाना स्टेट विद्यापीठासाठी तो १९६७ ते १९७० या तीन मोसमांत ८३ सामने खेळला. या ८३ सामन्यांत त्याने ३,१६६ शॉट मारले आणि त्यांतले १,३८७ आत गेले. तेव्हा तीन गुणांची रेषा नव्हती. शॉट जवळून असो वा अर्ध्या कोर्टाच्या पलीकडून, त्याचे दोनच गुण मिळत. म्हणजे २,७७४ गुण खेळातून आणि ८९३ फ्री थ्रोमधून. बेरीज बरोबर ३,६६७ भरते. आता वजाबाकी करून पाहावी: ३,१६६ मधून १,३८७ वजा केले की १,७७९ उरतात. इतके शॉट हुकले. जितके आत गेले त्याहून जवळजवळ चारशे अधिक हुकले. सामन्यामागे ३८ शॉट, म्हणजे चाळीस मिनिटांच्या खेळात जवळपास दर मिनिटाला एक, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त वाया. आमच्या सरांच्या नियमाने हा मुलगा एकाही सामन्यात पाच मिनिटांपेक्षा जास्त टिकला नसता.

तो टिकला, कारण बाकावर त्याचे वडील बसलेले होते.

प्रेस मॅराविच हे सर्बियाहून आलेल्या स्थलांतरितांचे पुत्र. पेनसिल्व्हेनियातल्या अलिक्विपा या पोलाद कारखान्यांच्या गावात ते वाढले, दुसऱ्या महायुद्धात नौदलाचे वैमानिक होते आणि युद्धानंतर काही काळ व्यावसायिक बास्केटबॉलही खेळले. त्यांची स्वतःची खेळाडू म्हणून कारकीर्द फार मोठी झाली नाही. २२ जून १९४७ रोजी पीटचा जन्म झाला, आणि मुलगा चेंडू धरण्याइतका मोठा होताच वडिलांनी त्याच्यासाठी सरावाचे प्रकार तयार करायला सुरुवात केली. डोळे बांधून ड्रिबल करणे, दोन पायांमधून चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात इतक्या वेगाने फिरवणे की तो पाहणाऱ्याला एका जागी थांबलेलाच वाटावा, बोटावर चेंडू तासन्‌तास फिरवत ठेवणे. वडील गाडी चालवत आणि पीट खिडकीतून हात बाहेर काढून रस्त्यावर चेंडू आपटत असे. सायकलवरून जाताना, चित्रपटगृहात कडेच्या खुर्चीवर बसून, सगळीकडे त्याच्या हाताखाली चेंडू असे. या आठवणी तो स्वतः सांगत असे. लहानपणी हातांत पुरेसे बळ नसल्याने तो चेंडू कमरेजवळून उडवायचा, आणि ते पाहून त्याला ‘पिस्तूल’ हे टोपणनाव मिळाले ते आयुष्यभर चिकटले.

या साऱ्याकडे मी बराच काळ केवळ कौतुकाने पाहत होते. वय वाढले तसे त्यातले दुसरे काही दिसू लागले. बापाचे अपुरे राहिलेले स्वप्न मुलाच्या मनगटात उतरवले जात होते, आणि मुलाला त्याची किंमत कळण्याचे वय नव्हते. १९६६ मध्ये प्रेस मॅराविच यांनी लुइझियाना स्टेटच्या प्रशिक्षकपदाची जबाबदारी घेतली. पीटच्या मनात वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठ होते. तो गेला वडिलांच्या मागे. बॅटन रूजमधल्या त्या विद्यापीठात फुटबॉल हाच खेळ मानला जात होता आणि बास्केटबॉलचे सामने जनावरांची प्रदर्शने भरणाऱ्या कृषी सभागृहात होत. पीट पहिल्या वर्षाच्या संघातून खेळत होता त्या मोसमात वरिष्ठ संघाने तीन सामने जिंकले होते आणि तेवीस गमावले होते.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वरिष्ठ संघात खेळण्याची तेव्हा परवानगी नव्हती. ती १९७२ मध्ये मिळाली. पीटने त्या कनिष्ठ संघासाठी १७ सामन्यांत ७४१ गुण केले आणि ते कारकिर्दीच्या बेरजेत धरले जात नाहीत. पुढची तीन वर्षे धरली जातात. त्यांची सामन्यामागची सरासरी ४३.८, ४४.२ आणि ४४.५. क्रिकेटवर पोसलेल्या आपल्या वाचकांना सरासरीचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही, पण इतके सांगते की अमेरिकेत एखाद्या विद्यार्थ्याने एका सामन्यात ४४ गुण केले तर दुसऱ्या दिवशी त्याचे नाव मथळ्यात येते. याची ती रोजची हजेरी होती. १९७० च्या जानेवारीअखेर ओल मिस विद्यापीठाविरुद्ध ५३ गुण करताना त्याने सिनसिनाटीच्या ऑस्कर रॉबर्टसनचा २,९७३ गुणांचा विक्रम ओलांडला. त्यानंतर आठवडाभराने अलाबामात जाऊन त्याने ६९ गुण केले, आणि तो सामना त्याचा संघ १०६-१०४ असा हरला.

या शेवटच्या वाक्यात टीकाकारांना त्याच्याविरुद्धचा सगळा पुरावा सापडतो. एकच माणूस इतके शॉट मारतो तेव्हा उरलेले चौघे काय करत असतात? वडील प्रशिक्षक नसते तर दुसऱ्या कुणी हे चालू दिले असते का? त्याच्या तीन वर्षांत संघ राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या मुख्य स्पर्धेत एकदाही पोहोचला नाही. शेवटच्या मोसमात न्यूयॉर्कच्या एनआयटी या दुसऱ्या एका स्पर्धेत उपान्त्य फेरी गाठली आणि तिथे मार्केट विद्यापीठाकडून हार पत्करली. हे आक्षेप खोटे नाहीत. मला त्यांचे उत्तर द्यावेसे वाटते ते इतकेच, की तीन विजयांवर आलेला संघ त्या शेवटच्या मोसमात बावीस विजयांपर्यंत गेला होता, आणि मॅराविच चेंडू फक्त रिंगकडेच पाठवत होता असे ज्यांना वाटते त्यांनी त्याचे जुने चित्रण पाहावे. पाठीमागून, मान दुसरीकडे वळवून, धावता धावता मनगटाच्या झटक्याने दिलेले त्याचे पास इतके अनपेक्षित असत की सहकाऱ्यांच्या हातांतून ते निसटत. ढिले पडलेले राखाडी मोजे, कपाळावर उडणारे केस आणि त्याच्यामागे धावणारे दोन-तीन प्रतिस्पर्धी, असे ते चित्र आहे. खेळातला आनंद इतका उघडपणे अंगावर वागवणारा खेळाडू मी क्वचितच पाहिला आहे.

तीन गुणांची रेषा असती तर काय झाले असते, हा प्रश्न त्याच्या चाहत्यांचा लाडका. पुढे याच विद्यापीठाचे प्रशिक्षक झालेल्या डेल ब्राउन यांनी जुन्या शॉटच्या नोंदी तपासून त्याची सरासरी ५७ झाली असती असे मांडले होते. मला या हिशेबात फारसा रस वाटत नाही. रेषा असती तर बचाव करणारेही तिच्यापर्यंत पुढे आले असते. तेव्हा शॉट क्लॉकही, म्हणजे ठरावीक वेळात शॉट मारायला लावणारे घड्याळही, नव्हते, म्हणजे मागच्या पिढ्यांच्या जमेला एक गोष्ट आणि खर्चाला दुसरी असे नेहमीच असते.

त्याहून महत्त्वाची एक गोष्ट मात्र त्या आकड्यांच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही, आणि ती मला फार उशिरा समजली. डिसेंबर १९६७ मध्ये मॅराविचने वरिष्ठ संघातून पदार्पण करून पहिल्याच सामन्यात ४८ गुण केले. त्याच महिन्यात, त्याच साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये, म्हणजे दक्षिणेकडच्या विद्यापीठांच्या गटात, व्हँडरबिल्ट विद्यापीठाकडून पेरी वॉलेस नावाचा तरुण मैदानात उतरला. त्या कॉन्फरन्समध्ये वरिष्ठ संघातून बास्केटबॉल खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. दोघांची तीन वर्षे अगदी तीच. एकाच्या प्रत्येक शॉटला, हुकला तरी, सभागृहातून उत्साहाची लाट उठत होती. दुसऱ्याला मिसिसिपी आणि अलाबामातल्या सभागृहांत शिव्या आणि धमक्या ऐकाव्या लागत होत्या, आणि डंक, म्हणजे उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये ठासणे, हे त्याचे सर्वांत प्रभावी अस्त्र त्याच मोसमापासून विद्यापीठीय खेळात बेकायदा ठरवले गेले होते. वॉलेसने पदवी घेतली, पुढे तो कायद्याचा प्राध्यापक झाला, आणि आपण त्या वर्षांत किती एकटे होतो हे त्याने स्वतः शांतपणे सांगितले. लुइझियाना स्टेटच्या बास्केटबॉल संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू आला तो पीट निघून गेल्यानंतर. मॅराविचच्या ३,६६७ गुणांतला एकही गुण मी यामुळे कमी धरत नाही. परंतु हुकण्याची मुभा त्या काळात कोणाला होती आणि कोणाला नव्हती, हे समजल्यावर १,७७९ हा आकडा मला पूर्वीसारखा वाचता येत नाही.

त्याचे पुढचे आयुष्य थोडक्यात सांगते, कारण ते या आकड्याच्या बाहेरचे आहे. अटलांटा, न्यू ऑर्लिन्स, युटा आणि शेवटी काही महिने बॉस्टन अशी त्याची दहा वर्षांची व्यावसायिक कारकीर्द झाली. १९७६-७७ मध्ये तो एनबीएत सर्वाधिक गुण करणारा खेळाडू होता आणि त्या मोसमात न्यूयॉर्कविरुद्ध त्याने ६८ गुण केले. गुडघा दुखावला, मद्याने ग्रासले, अजिंक्यपद मिळाले नाही. निवृत्तीनंतर धर्मश्रद्धेत त्याला स्थैर्य लाभले. प्रेस मॅराविच कर्करोगाने एप्रिल १९८७ मध्ये वारले, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच मुलाचा बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. तो समारंभ बापाने पाहिला नाही. ५ जानेवारी १९८८ रोजी, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना इथे एका चर्चच्या व्यायामशाळेत सहज म्हणून खेळता खेळता पीट कोसळला. तो चाळीस वर्षांचा होता. शवविच्छेदनात आढळले की हृदयाला रक्त पुरवणारी डावी धमनी त्याला जन्मतःच नव्हती. एका बाजूच्या रक्तवाहिनीवर ते हृदय चाळीस वर्षे चालले होते. असा माणूस सहसा विशीच्या आतबाहेरच जातो, असे डॉक्टरांचे मत पडले. दर सामन्याला ३८ शॉट, अखंड धावणे, रोजचा तासन्‌तासांचा सराव, हे सगळे त्या अर्ध्या पुरवठ्यावर झाले होते.

त्याचा विक्रम अबाधित राहिला. मोडण्याच्या सर्वांत जवळ जो आला त्याच्याही बाकावर त्याचे वडील होते. डेट्रॉइट मर्सी विद्यापीठाचा अँटवान डेव्हिस, प्रशिक्षक माइक डेव्हिस यांचा मुलगा, साथीच्या काळात मिळालेल्या जादा वर्षामुळे पाच मोसम खेळला. १४४ सामने, आणि तीन गुणांची रेषा त्याच्या बाजूने. २ मार्च २०२३ रोजी यंग्सटाऊन स्टेटविरुद्ध त्याला बरोबरीसाठी २५ गुण हवे होते. त्याचे २२ झाले, संघ ७१-६६ असा हरला आणि मोसम संपला. ३,६६४. एखाद्या छोट्या स्पर्धेचे आमंत्रण येईल आणि आणखी एक सामना मिळेल अशी आशा काही दिवस होती. आमंत्रण आले नाही. मॅराविचचे अनेक चाहते तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकत होते, आणि ८३ सामन्यांपुढे १४४ सामने हा त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. मला मात्र त्या मुलाचेच वाईट वाटत राहिले. पाच वर्षे ज्याच्या सावलीत धावला त्या आकड्याच्या एका बास्केटइतक्या अंतरावर तो थांबला, आणि ती बास्केट कोणत्या सामन्यातली कोणती, हे शोधण्यात त्याच्या किती रात्री गेल्या असतील याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

मग क्लार्क आली. चार वर्षांत १३९ सामने आणि अखेरीस ३,९५१ गुण. आयोवा राज्यात मुलींच्या बास्केटबॉलची परंपरा शंभर वर्षांची आहे. तिथे शाळकरी मुली १९९३ पर्यंत सहा-सहाच्या संघांचा खेळ खेळत, ज्यात तिघी फक्त आक्रमण करत आणि तिघी फक्त बचाव. त्या खेळात डेनिस लाँग नावाच्या मुलीने १९६८ मध्ये एका सामन्यात १११ गुण केले होते. क्लार्कचे प्रशिक्षण करणाऱ्या लिसा ब्लूडर यांच्या सहकारी जॅन जेन्सेन या त्याच खेळातून घडलेल्या. अशा मातीत वाढलेल्या मुलीला कोर्टाच्या मधल्या बोधचिन्हाजवळून शॉट मारण्याची परवानगी मिळाली याचे मला नवल वाटत नाही. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी मिशिगनविरुद्ध केल्सी प्लमचा ३,५२७ चा स्त्रियांचा विक्रम तिने तशाच दूरच्या शॉटने मोडला. लांबून मारलेले तिचे निम्म्याहून जास्त शॉट हुकले आहेत. हुकल्यावर तिची नजर कुठे जाते हे मी मुद्दाम कितीतरी सामन्यांत पाहिले. ती चेंडूकडे जाते, आणि लगेच समोरच्या खेळाडूकडे, कारण आता बचावाला धावायचे असते.

तिने मॅराविचला मागे टाकले त्या दिवशी सभागृहात लिनेट वुडार्ड उपस्थित होत्या. त्यांचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १९७७ ते १९८१ या काळात कॅन्ससकडून खेळताना वुडार्ड यांनी ३,६४९ गुण केले, तेही पुरुषांच्या मोठ्या चेंडूने आणि तीन गुणांच्या रेषेशिवाय. पण तेव्हा स्त्रियांचे विद्यापीठीय खेळ वेगळ्या संघटनेकडे होते, आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एनसीएए या विद्यापीठीय खेळांच्या मुख्य संघटनेने ते आपल्या हाती घेतले तेव्हा जुन्या नोंदी त्यांच्या वहीत उतरवल्या गेल्या नाहीत. क्लार्कने २८ फेब्रुवारीला मिनेसोटात वुडार्ड यांना ओलांडले, आणि तो खरा विक्रम मोडला असे मी मानते. त्याहीपुढे दक्षिण कॅरोलायनातल्या फ्रान्सिस मॅरियन या लहान कॉलेजच्या पर्ल मूर आहेत, ज्यांचे १९७० च्या दशकातले एकूण गुण ४,०६१ होतात. क्लार्कही तिथवर पोहोचली नाही. मूर यांना हॉल ऑफ फेममध्ये घेतले गेले ते २०२१ मध्ये, खेळून चार दशके लोटल्यावर. शॉट हुकण्याची मुभा त्यांनी स्वतः मिळवली होती. गुण मोजले जाण्याची मात्र मिळाली नव्हती.

गेली काही वर्षे मी संध्याकाळी आमच्या भागातल्या मैदानावर शाळकरी मुलींना शिकवते. बोर्ड जुना आहे, एका रिंगला जाळी नाही. पहिल्या दिवशी मी त्यांना सांगितले होते की हुकलेल्या शॉटसाठी इथे कुणालाही बाहेर बसवले जाणार नाही. वाईट जागेवरून मारलात तर बोलेन, हुकलात म्हणून बोलणार नाही. त्यांचा विश्वास बसायला बराच काळ लागला. गेल्या महिन्यातल्या एका सराव सामन्यात तेरा वर्षांच्या एका मुलीचे लागोपाठ सात शॉट हुकले. प्रत्येक वेळी चेंडू हातातून सुटताच तिची मान माझ्याकडे वळत होती, आणि प्रत्येक वेळी मी एकच खूण करत होते: पुढे बघ. मग तिला उजव्या कोपऱ्यात पुन्हा मोकळी जागा मिळाली. आठवा शॉटही रिंगच्या कडेवर आपटून उसळला. तो हवेत असतानाच ती रिबाउंडसाठी बोर्डाखाली पोहोचली होती.